पांढरी पडणारी अंडी : नागपुरातल्या एका घरी निऑन टेट्राच्या पैदाशीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण मनीषनगर भागातल्या एका घरचं. नावं बदलली आहेत. सुनंदाताई बँकेतून निवृत्त झालेल्या, मनोहरराव वीज कंपनीतून. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, म्हणजे मे महिन्यात रात्री अकरालाही स्लॅब तापलेलाच. हॉलमध्ये अडीच फुटांचा प्लांटेड टँक (म्हणजे आत पाणवनस्पती लावलेला), त्यात वीसेक निऑन टेट्रांचा घोळका आणि तळाला चार-दोन कोरी, म्हणजे तळाशी फिरणारे छोटे मिशीवाले मासे. मासे सुनंदाताईंचे, नोंदवही मनोहररावांची. रोज सकाळी टँकचं तापमान आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) लिहिल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नाही. पुढचा उलगडा त्या वहीमुळेच झाला, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

निऑन म्हणजे पॅराकायरोडॉन इनेसी. पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमाभागात, अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातल्या सावलीच्या ओढ्यांत राहणारा, जेमतेम तीन सेंटिमीटरचा मासा. १९३६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं. त्या ओढ्यांत पालापाचोळा कुजून पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यात क्षार जवळपास नसतातच. आपल्या दुकानांत दिसणारे निऑन मात्र तिकडून पकडून आणलेले नसतात. बहुतेक सगळे आशियातल्या हॅचऱ्यांमध्ये वाढलेले, आणि नागपुरात ते कोलकाता किंवा चेन्नईच्या व्यापाऱ्यांकडून येतात. पिढ्यानपिढ्या हॅचरीत वाढल्यामुळे मोठा मासा आपल्या नळाच्या पाण्यात निवांत जगतो. अंड्यांनी मात्र ही तडजोड केलेली नाही.

नागपूर महापालिकेचं पाणी पेंच जलाशयातून आणि कन्हान नदीतून येतं. सुनंदाताईंकडे नळाच्या पाण्याचा टीडीएस दोनशेच्या आसपास असे. त्यांच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणीही टाकीत सोडतात. ते सातशेच्या वर. हे आकडे त्यांच्या घरचे. शहरात पाणी प्रत्येक भागात वेगळं असतं, आणि बोअरचं तर प्रत्येक प्लॉटला.

पहिला उन्हाळा

पैदाशीचा विचार येण्याआधीच एक उन्हाळा गेला होता, आणि पुढच्या गोंधळाचं एक टोक तिथं आहे. एप्रिलअखेर टँकचं पाणी ३२ अंशांवर गेलं. निऑनला २१ ते २६ मानवतं. पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी मावतो: २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. शिवाय गरम पाण्यात माशाचा श्वासही वाढलेला असतो. वरच्या थराला तोंड लावून उभे राहिलेले निऑन पाहून मनोहररावांनी फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टँकमध्ये सोडायला सुरुवात केली. दुपारी २७, पहाटे ३२. आठवडाभर हा झोका चालला आणि पाच मासे गेले.

मग त्यांनी टँकवरचं काचेचं झाकण काढलं, जाळी टाकली आणि एक छोटा पंखा पाण्यावर तिरका लावला. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय फार चांगला चालतो. ज्या कारणाने कूलर चालतो त्याच कारणाने: हवा कोरडी, त्यामुळे पाण्याची वाफ भराभर होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. नवतप्यातही, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, टँक २८ अंशांवर राहिला. पावसाळा लागला की हाच पंखा निम्म्यानेही काम करत नाही, पण तोवर गरजही सरलेली असते.

आता वाफ होते ती नुसत्या पाण्याची. क्षार टँकमध्येच राहतात. रोज दोन-तीन लिटर पाणी उडायचं आणि सुनंदाताई ते बोअरच्या पाण्याने भरून काढायच्या. वहीत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टीडीएस २९० आहे आणि जूनच्या मध्यात ६४०. मासे ठणठणीत होते, त्यामुळे त्या आकड्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

अडचण

पोळ्याच्या सुमारास सुनंदाताईंना काही माद्या पोटाने भरलेल्या दिसल्या. निऑनची मादी ओळखायला सोपी: पोट गोल झालं की अंगावरची निळी रेघ मधोमध वाकलेली दिसते. नराची रेघ सरळ राहते. पैदास करून पाहायचीच, असं त्यांनी ठरवलं.

ज्या दुकानातून मासे घेतले होते तिथले भाऊ म्हणाले, "कायले त्रास करून राहिल्या ताई? निऑन इकडे होतच नाही. विडो घेऊन जा, महिन्याभरात पिल्लंच पिल्लं." सल्ला वाईट नव्हता. ब्लॅक विडो टेट्रा बऱ्यापैकी क्षारांच्या, म्हणजे कठीण पाण्यातही अंडी फळवतो आणि नवख्याने तिथूनच सुरुवात करावी, असं माझंही मत आहे. पण सुनंदाताईंना विडो आवडत नाही, आणि छंदात एवढं कारण पुरतं.

एक फुटाचा छोटा टँक लावला. पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. मीटर ७५ दाखवत होता. तळाला पांढऱ्या गोट्यांचा थर, म्हणजे अंडी फटींत पडतील आणि आई-बापांच्या तोंडी लागणार नाहीत. हिरवं मॉस. संध्याकाळी जोडी सोडली, टँकवर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी पहाटे नर मादीच्या मागे लागलेला दिसला आणि आठच्या सुमारास मॉसमध्ये बारीक पारदर्शक मणी दिसले. जोडी काढून घेतली. संध्याकाळपर्यंत जवळपास सगळी अंडी पांढरी झाली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांवर कापसासारखी बुरशी.

नवरात्रापर्यंत हेच तीनदा झालं. पहिल्या खेपेनंतर बुरशीवर उपाय म्हणून मिथिलीन ब्लू टाकलं. पुढच्या खेपेला उजेड नको म्हणून टँक काळ्या कागदाने गुंडाळला; निऑनच्या अंड्यांना उजेड सोसत नाही, हे खरंच आहे. शेवटी जोडी बदलली. अंडी तशीच पांढरी. मनोहररावांनी वहीत लिहिलं: "नर वांझ?"

तपास

या टप्प्यावर त्यांनी मला बोलावलं. मी टेट्रा पाळतो, थोडीफार पैदासही केली आहे, आणि या पुढचं बरंचसं डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिला प्रश्न बुरशीचा होता. अंडी बुरशीने मेली की मेल्यावर बुरशी आली? याचं उत्तर घड्याळात असतं. पुढच्या खेपेला सुनंदाताईंनी अंडी भिंगाखाली दर दोन तासांनी पाहायचं ठरवलं, टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर चिकटवून. सकाळी साडेआठला अंडी काचेसारखी स्वच्छ. साडेदहाला काहींच्या मध्यभागी दुधाळ ठिपका. साडेबाराला निम्मी पांढरी. भिंगातून बुरशीचा एकही धागा नाही. तो दुसऱ्या दिवशी दुपारी दिसला. म्हणजे बुरशी मढ्यावर आली होती. निळं औषध कितीही ओतलं असतं तरी काही झालं नसतं.

काही तासांत पांढरं पडणारं अंडं बहुधा फळलेलंच नसतं, किंवा फळल्याबरोबर मेलेलं असतं. नर दोन वेगवेगळे झाले होते, दोन्ही तरणे, दोन्ही उत्साही. दोन्ही वांझ निघण्यापेक्षा पाण्यात खोट असण्याची शक्यता जास्त. अंडं पाण्यात पडलं की पाणी शोषून फुगतं आणि त्याचं कवच घट्ट होतं. या घट्ट होण्यात कॅल्शियमचा हात असतो. मऊ पाण्यातल्या माशांची अंडी कॅल्शियमच्या पाण्यात नीट फळत नाहीत, आणि निऑनच्या बाबतीत पैदास करणारे लोक कठीणपणा (म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) एक-दोन जर्मन अंशांच्या वर जाऊ देत नाहीत.

"पण आपलं पाणी तर आरओचं आहे," मनोहरराव म्हणाले. "पंच्याहत्तर टीडीएस. पिण्याच्या पाण्यापेक्षा चांगलं."

इथंच गाडं अडलं होतं. टीडीएसचा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कोणते, हे तो सांगत नाही. पंच्याहत्तरातलं सगळं मीठ असू शकतं, सगळं कॅल्शियमही असू शकतं. वीज खात्यात जन्म गेलेल्या माणसाला हे समजावणं सोपं गेलं, आणि ते स्वतःवर थोडे चिडलेही.

कठीणपणा मोजायचं थेंबांचं किट आणलं. पाच मिलिलिटर पाणी नळीत घ्यायचं, द्रावणाचे थेंब मोजत टाकायचे, रंग बदलला की थांबायचं. एक थेंब म्हणजे एक जर्मन अंश, लिटरमागे साधारण १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. आरओचं पाणी तिसऱ्या थेंबाला बदललं. अंडी दिलेल्या छोट्या टँकचं पाणी सातव्या थेंबाला. टँकमध्ये आरओचंच पाणी होतं, तरी.

मग सुनंदाताईंनी एक पांढरा गोटा पुसून ताटलीत ठेवला आणि त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकले. बारीक फेस आला. गोटे संगमरवराच्या जातीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. थोड्याशा आम्लधर्मी पाण्यात ते सावकाश विरघळत होते. अंडी वाचवायला टाकलेला थरच पाणी कठीण करत होता.

आरओतल्या तीन अंशांचा उलगडा मशीन उघडल्यावर झाला. मेम्ब्रेननंतर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यानंतर, एक मिनरल कार्ट्रिज बसवलेलं होतं. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम परत मिसळतं. माणसाला ते ठीक. निऑनच्या अंड्याला नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दुकानातल्या पीएच उतरवणाऱ्या आम्लाचा. मनोहररावांनी तो आधीच करून पाहिला होता: नळाच्या पाण्यात थेंब टाकले, पीएच ६.५ झाला, दुसऱ्या सकाळी परत ७.६. नळाच्या पाण्यातले बायकार्बोनेट आम्ल गिळून टाकतात. ते संपवायला आम्ल वाढवत गेलं तरी कॅल्शियम जागच्या जागीच राहतं. हा पर्याय सगळ्यांत जास्त लोक वापरतात आणि माझ्या मते सगळ्यांत निरुपयोगी आहे.

बाथरूमच्या नळाला लावतात तो सॉफ्टनर घ्यावा का, असा प्रश्न निघाला. तो कॅल्शियम काढून घेतो, पण बदल्यात सोडियम सोडतो. कठीणपणा शून्य, टीडीएस तेवढाच. कदाचित अंडी फळलीही असती, पण अमेझॉनच्या ओढ्यासारखं पाणी ते नव्हे, आणि एवढ्या खर्चाने अर्धवट उत्तर कशाला घ्यायचं, म्हणून तो बाजूला ठेवला.

एसीच्या नळीतून बादलीत पडणारं पाणी जवळपास डिस्टिल्डच, असं बरेच जण सांगतात. कॉइलचं तांबं, धूळ आणि त्या ओलाव्यात वाढलेलं काय काय त्यात असतं. टेट्राला तांबं फार बाधतं. हा पर्याय मी ठामपणे नको म्हटला.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या पाण्याच्या कॅनवर मात्र बराच वेळ चर्चा झाली. नागपुरात ते कोपऱ्यावर मिळतं आणि मनोहररावांच्या घरी दोन कॅन पडलेलेच होते. मीटर त्यांवर ५ दाखवत होता. अडचण एवढीच की ते पाणी बॅटरीसाठी असतं. कॅन आधी कशाचा होता, भरताना काय मिसळलं, याची हमी कुणी देत नाही. एका कॅनला उघडल्यावर प्लास्टिकचा उग्र वास होता. आणीबाणीला ठीक, नेहमीसाठी नको.

पावसाचं पाणी उत्तम. पण ऑक्टोबर उजाडला होता.

राहिला तो मेम्ब्रेननंतर, कार्ट्रिजच्या आधी नळी फोडून तिथून पाणी घ्यायचा. एक टी-जॉइंट, एक छोटी तोटी. आरओवाला तंत्रज्ञ कुरकुरला: "वॉरंटी जाईल मॅडम. अन् हे पाणी प्यायचं नाही बरं." सुनंदाताईंनी वॉरंटीचं कार्ड काढून दाखवलं, ती आधीच संपली होती. त्या तोटीतून आलेल्या पाण्याचा टीडीएस १४ भरला आणि किटमधल्या पहिल्याच थेंबाला रंग बदलला.

एक बारकावा मनोहररावांनी शोधला. मशीन रात्रभर बंद राहिली की सकाळी पहिल्या दोन-तीन मिनिटांच्या पाण्याचा टीडीएस चाळीसच्या वर असतो, कारण थांबलेल्या मेम्ब्रेनमधून क्षार पलीकडे झिरपतात. ते पाणी सोडून द्यायचं.

वेळ कधीची धरायची, हा निर्णय मला पाण्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. सुनंदाताईंना लगेच पुन्हा जोडी लावायची होती. मी म्हटलं, दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत नागपुरातल्या खोलीत पाणी आपोआप २२ ते २५ वर राहतं. थंडीच्या रात्री पारा एक आकड्यावर उतरतो, पण तेव्हा छोटा हीटर पुरतो; पाणी तापवणं सोपं, थंड करणं अवघड. शिवाय मधल्या तीन आठवड्यांत आई-बापांची तयारी करता येणार होती.

काय केलं

निवडलेले तीन नर आणि तीन माद्या वेगवेगळ्या टँकमध्ये ठेवल्या. खाद्यावरून घरात वाद झाला. जिवंत अळ्यांसारखं खाद्य नाही, हे मनोहररावांनी कुठंतरी वाचलं होतं आणि गच्चीवर उतरवून ठेवलेल्या कूलरच्या टाकीत डासांच्या अळ्या वाढवायचा त्यांचा बेत होता. सुनंदाताईंनी तो हाणून पाडला. पावसाळ्यात महापालिकेचे लोक कूलर आणि कुंड्यांतलं पाणी तपासत फिरतात ते उगीच नाही. शेजारच्या घरात डेंग्यू होऊन गेला होता. त्यामुळे घरीच मिठाच्या पाण्यात उबवलेलं आर्टेमिया (कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव) आणि गोठवलेल्या अळ्या, यांवरच भागवलं. माद्या दहा-बारा दिवसांत टम्म झाल्या.

पाण्याचा बदल हा दुसरा नाजूक भाग. मोठ्या टँकमधून थेट १४ टीडीएसच्या पाण्यात मासा टाकला तर त्याच्या अंगात पाणी शिरत राहतं आणि तो धक्क्याने मरू शकतो. म्हणून औषधाच्या दुकानातून सलाईनचा सेट आणला. वर मऊ पाण्याची बादली, खाली टँक, मध्ये नळी. चकती फिरवून सेकंदाला एक थेंब, असं रोज थोडं थोडं, दहा दिवस. टीडीएस ३८० वरून ९० पर्यंत आला.

अंड्यांचा टँक नव्याने लावला: नुसती काच, साबण न लावता गरम पाण्याने धुतलेली. गोटे नाहीत, वाळू नाही. तळापासून बोटभर उंच ताणलेली मच्छरदाणीची जाळी. मॉसमधून गोगलगायी येतात आणि अंडी खातात, म्हणून त्याऐवजी उकळून घेतलेल्या हिरव्या लोकरीचे झुपके. आरओच्या पाण्यात देशी बदामाची वाळलेली लाल पानं तीन दिवस भिजवून पाणी फिकट तपकिरी केलं. सोसायटीच्या फाटकाजवळच झाड आहे. पीएच सहाच्या आसपास, टीडीएस २६. हवेचा एकच बुडबुडा, सावकाश. चारी बाजूंनी काळा कागद.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात जोडी सोडली. पहिल्या सकाळी काही नाही. दुसऱ्या पहाटे अंडी पडली. मासे काढले, वर काळं कापड टाकलं. संध्याकाळी लाल टॉर्चमध्ये काही पांढरी होती, बरीच स्वच्छ. साधारण एका दिवसाने काचेला आणि जाळीला केसाच्या तुकड्याएवढ्या, जवळजवळ न दिसणाऱ्या रेषा लटकलेल्या दिसल्या. सुनंदाताईंनी रात्री दहाला मला फोन केला आणि हळू आवाजात बोलत होत्या, जणू पिल्लांना ऐकू जाईल.

पाचव्या दिवशी पिल्लं सुटी पोहू लागली. अंदाजे साठ. आणि तेव्हा खायला काही तयार नव्हतं.

पहिल्या तुकडीचं काय झालं

निऑनचं पिल्लू इतकं बारीक की नुकतं फुटलेलं आर्टेमियाही, जे अर्ध्या मिलिमीटरचं असतं, त्याच्या तोंडात मावत नाही. पहिला आठवडाभर त्याला पॅरामेशियमसारखे जीव लागतात, म्हणजे इन्फ्युसोरिया. सुनंदाताईंनी कोबीचं पान बरणीत भिजत घातलं ते पिल्लं निघाल्याच्या दिवशी. बरणी दोन दिवसांत गढूळ झाली आणि नासक्या अंड्यासारखा वास सुटला. गढूळ पाण्यात नुसते जिवाणू असतात. पिल्लांच्या कामाचे जीव नंतर, पाणी परत निवळू लागल्यावर वाढतात. त्याला आठ-दहा दिवस जातात. घाईने ओतलेल्या पाण्यामुळे टँक बिघडला आणि दहाव्या दिवशी चार पिल्लं उरली होती.

हा निर्णयाचा असा टप्पा आहे की जो मागे वळून पाहिल्यावरच दिसतो. सगळ्यांचं लक्ष अंडी फळण्यावर होतं, कारण तिथं तीनदा अपयश आलं होतं. पुढची पायरी कुणी आखलीच नाही.

दुसरी तुकडी

पुढचा क्रम उलटा लावला: आधी खाद्य, मग अंडी. भंडाऱ्याहून आलेल्या नातेवाइकाने धानाचं तणस आणून दिलं. ते उकळून त्याचं पाणी गार केलं, त्यात जुन्या टँकमधलं थोडं पाणी घातलं आणि खिडकीत तीन बरण्या चार-चार दिवसांच्या अंतराने लावल्या. बरणीमागे टॉर्च धरून भिंगाने पाहिलं की उभ्या उजेडात पांढरे कण सरकताना दिसतात. धुळीसारखे तरंगत नाहीत, दिशा धरून जातात. हे दिसल्यावरच जोडी सोडली.

डिसेंबरच्या मध्यात दुसरी तुकडी पोहू लागली. दिवसातून तीन-चारदा ड्रॉपरने बरणीतलं निवळ पाणी. आठवड्याने आर्टेमिया सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी नारिंगी पोटं दिसली. ते दिसलं की पिल्लू खातंय याबद्दल शंका उरत नाही. काळा कागद एक-एक बाजूने काढला. चौथ्या आठवड्यात निळ्या रेघेची पहिली चमक, लाल रंग त्यानंतर.

जानेवारीत पिल्लं नागपूरच्या पाण्याला सरावायला हवी होती, कारण जन्मभर आरओवर ठेवणं कुणालाच परवडत नाही. तोच सलाईनचा सेट, आता उलट्या दिशेने: नळाचं पाणी थेंबाथेंबाने, महिनाभर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला आधी दिवसभर हवा सोडून ठेवलेलं.

निकाल

फेब्रुवारीअखेर दुसऱ्या तुकडीतले २२ निऑन उरले, त्यातल्या दोघांचा कणा वाकडा. तिसरी तुकडी जानेवारीत घेतली, तिच्यातून १७. पैशाचा हिशेब मांडला तर दुकानातून घेणं कितीतरी स्वस्त पडलं असतं, आणि हे मनोहररावांनी वहीत लिहूनही ठेवलं आहे.

आरओतून एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं, तेही लक्षात घ्यायला हवं. ते त्यांनी लादी पुसायला आणि संडासात वापरलं. कूलरमध्ये टाकू नका, हे मी सांगितलं होतं; त्या पाण्याने कूलरच्या जाळ्यांवर पांढरा थर बसतो.

दहा पिल्लं त्याच दुकानात नेऊन दिली. भाऊंनी पिशवी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "इथलेच हे?" एवढंच विचारलं, आणि बदल्यात दोन महिन्यांचं खाद्य दिलं.

पुन्हा करायचं झालं तर

कठीणपणाचं किट पहिल्या जोडीच्या आधी आणायला हवं होतं. टीडीएसचा मीटर स्वस्त आहे, घरोघरी आहे, आणि म्हणूनच त्याच्यावर नको तेवढा भरवसा ठेवला जातो. टँकमध्ये जाणारा प्रत्येक दगड व्हिनेगरखाली जायला हवा. हेही पहिल्याच दिवसाचं काम.

उन्हाळ्यात उडालेलं पाणी बोअरने भरायचं नाही, आरओने भरायचं. सुनंदाताईंनी पुढच्या एप्रिलपासून तसं केलं. जूनमध्ये टँकचा टीडीएस ३१० होता, आदल्या वर्षीच्या निम्म्याहूनही कमी. एप्रिल ते जून पैदास पूर्ण बंद ठेवली.

पावसाच्या पाण्याचा प्रयोग त्यांनी त्याच मोसमात केला. पहिल्या दोन पावसांचं पाणी धुळीमुळे सोडून दिलं. मग एकाच पावसात दोन ठिकाणचं पाणी घेतलं: गच्चीच्या पन्हाळीतून आलेलं आणि ताडपत्री बांधून थेट झेललेलं. ताडपत्रीच्या पाण्याचा टीडीएस ११, पन्हाळीच्या पाण्याचा ६८ आणि पीएच आठच्या पुढे. स्लॅबच्या सिमेंटमधला चुना. मला यात आश्चर्य नव्हतं, पण ज्यांच्या घरी गच्चीचं पाणी ड्रममध्ये साठवतात त्यांनी आकडा लक्षात ठेवावा. ताडपत्रीच्या पाण्याचे दोन निळे ड्रम भरले, तोंडाला दुहेरी जाळी बांधली, सावलीत ठेवले.

या ड्रमचं काय करायचं, यावर अजून एकमत नाही. सुनंदाताईंना आता कार्डिनल टेट्रा हवाय, निऑनचाच भाऊबंद. कार्डिनल मोठ्या टँकसाठी नागपूरला निऑनपेक्षा योग्य आहे, हे मी मान्य करतो. तो रिओ नेग्रो आणि ओरिनोकोच्या उबदार पाण्यातला, २८ अंशांना कुरकुरत नाही. पण त्याची अंडी निऑनपेक्षाही हट्टी, आणि पाणी बरंच आम्लधर्मी लागतं. निऑनच्या आणखी दोन तुकड्या काढून इन्फ्युसोरियाचा हात बसू द्या, असं माझं म्हणणं. मनोहररावांनी वहीत दोन्ही बाजू लिहिल्या आहेत, आणि खाली स्वतःची तिसरी: ब्लॅक विडो.